विंडोज एका डिस्कवर, लिनक्स दुसरीवर : बूटलोडर कुठे टाकावा?

तिरफळ (धागाकर्ती)

घरच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, २५६ जीबीच्या एनव्हीएमई डिस्कवर. जागा पुरेना म्हणून ५०० जीबीची साटा एसएसडी बसवून घेतली, आणि आता तिच्यावर लिनक्स मिंट २२ टाकायचं चाललंय. विंडोज काढायचं नाहीये. नवऱ्याचं टॅली त्यात आहे आणि त्याला हात लावला तर घरात महाभारत होईल.

लाइव्ह मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं. वायफाय, आवाज, मराठी टायपिंग, सगळं व्यवस्थित. इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' निवडल्यावर तळाशी एक पट्टी येते, बूटलोडर (मशीन चालू झाल्यावर सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) कोणत्या डिव्हाइसवर टाकायचा ते विचारणारी. त्यात पर्याय असे: एनव्हीएमई०एन१, त्याखाली एनव्हीएमई०एन१पी१ (त्यापुढे 'विंडोज बूट मॅनेजर' लिहिलंय), आणि एसडीए (म्हणजे नवी साटा डिस्क). यूट्यूबवर एक जण म्हणतो पट्टीला हात लावू नका, दुसरा म्हणतो डोळे मिटून एसडीए घ्या. दोघेही का ते सांगत नाहीत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना_मॉडेम

आधी एक तपासा, मग पुढचं. विंडोजमध्ये 'रन' उघडून एमएसइन्फो३२ टाका आणि 'बायोस मोड'समोर यूईएफआय (बूटची नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी) ते बघा. मग लाइव्ह मिंटमध्ये फाइल मॅनेजरातून सिस, त्यात फर्मवेअर, असं जा. तिथे ईएफआय नावाचं फोल्डर असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआय मोडमध्ये सुरू झालाय. दोन्हीकडे एकच मोड हवा. विंडोज यूईएफआयमध्ये आणि लिनक्स लेगसीत टाकलं, तर ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरच्या मेनूतून विंडोज उघडत नाही आणि दर वेळी बायोसमध्ये जाऊन मोड बदलत बसावं लागतं.

तिरफळ

दोन्हीकडे यूईएफआय. जीपार्टेड या पार्टिशनच्या टूलमध्ये एनव्हीएमई०एन१पी१ हे १०० एमबीचं फॅट३२ पार्टिशन दिसतंय, फ्लॅग 'बूट, ईएसपी'. एसडीए पूर्ण कोरी आहे.

जुना_मॉडेम

छान. मग यूट्यूबवरचे दोन्ही सल्ले बाजूला ठेवा, दोन्ही लेगसी जमान्यातले आहेत. तेव्हा बूटलोडर डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये लिहायचा असे. यूईएफआयमध्ये तसं काही लिहिलंच जात नाही. ईएसपी म्हणजे ईएफआय सिस्टिम पार्टिशन, बूटलोडरच्या फायली ठेवायचं साधं फॅट३२ पार्टिशन. त्यात ईएफआय फोल्डर आणि त्याच्या आत प्रत्येक सिस्टिमचं आपापलं फोल्डर. विंडोजचं 'मायक्रोसॉफ्ट', उबुंटूचं 'उबुंटू'. मिंटचंही 'उबुंटू'च बरं का, मिंट शोधत बसू नका, फर्मवेअरच्या यादीतही ते उबुंटू नावानेच येतं. शिवाय मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) एक नोंद असते: अमुक पार्टिशनवरची तमुक फाइल चालव. पार्टिशन तिथे त्याच्या जीयूआयडीने, म्हणजे वेगळ्या ओळखक्रमांकाने, ओळखलं जातं, एसडीए वगैरे नावाने नाही.

म्हणजे तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. फाइल कोणत्या ईएसपीत ठेवायची, आणि एनव्हीरॅमच्या यादीत पहिला नंबर कोणाचा. दुसरा केव्हाही बदलता येतो, पाच मिनिटांचं काम. पहिला आत्ताच नीट करून घ्या.

माझं मत: साटा डिस्कवर सुरुवातीलाच ५०० एमबीचं वेगळं ईएसपी करा आणि मिंटचा बूटलोडर तिथेच जाऊ द्या. उद्या विंडोज बिघडलं आणि कोणी दुकानदाराने एनव्हीएमई सरळ फॉरमॅट मारली तरी मिंट जागच्या जागी. उलट मिंट नकोसं झालं तर साटा डिस्क पुसून टाका, विंडोजला पत्ताही लागणार नाही. एकाच ईएसपीत दोघांना कोंबलं की नेमकं इथेच अडतं. लिनक्सचं पार्टिशन उडवलेलं असतं, ग्रबची फाइल मात्र विंडोजच्या ईएसपीत पडून असते, आणि मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब>'. मग रात्री अकरा वाजता फोन येतात.

आता खरी गोम. मिंट २२ अजून यूबिक्विटी हाच जुना इन्स्टॉलर वापरतं. (उबुंटूने २३.०४ पासून डेस्कटॉपला नवा इन्स्टॉलर आणला.) यूईएफआय मोडमध्ये यूबिक्विटी त्या पट्टीतली निवड जुमानत नाही, हा त्याचा जुना आणि सर्वांना माहीत असलेला बग आहे. तुम्ही एसडीए निवडा नाहीतर काहीही निवडा, त्याला पहिलं जे ईएसपी सापडतं त्यात तो फाइल टाकतो. तुमच्याकडे ते बहुधा विंडोजचंच असेल. म्हणून त्याला ते दिसणारच नाही अशी व्यवस्था करायची:

लाइव्ह मिंटमध्ये जीपार्टेड उघडा. एनव्हीएमई०एन१पी१ वर राइट क्लिक, 'मॅनेज फ्लॅग्ज', 'बूट' आणि 'ईएसपी'वरची खूण काढा. 'एमएसएफटीडेटा' आपोआप लागेल, लागू द्या. आतल्या फायलींना काही होत नाही. मग एसडीएवर जीपीटी टेबल करून पहिलं ५०० एमबीचं फॅट३२, त्यावर बूट-ईएसपी फ्लॅग, उरलेल्या जागेत ईएक्सटी४. आता इन्स्टॉल करा. इन्स्टॉल झालं की रीस्टार्ट न करता आधी जीपार्टेडमध्ये परत जाऊन एनव्हीएमईचे फ्लॅग पूर्ववत करा. हे शेवटचं विसरायचं नाही.

रात्रपाळी

मॉडेमकाका, आदर ठेवून असहमत. एवढा खटाटोप कशासाठी? ईएसपी मुळात अनेकांनी मिळून वापरायलाच केलंय, प्रत्येकाचं फोल्डर वेगळं. इथे ऑफिसात टेस्टिंगची कितीतरी मशीनं एका ईएसपीवर दोन-दोन सिस्टिम घेऊन चालतात. नवख्या माणसाला विंडोजच्या ईएसपीचे फ्लॅग काढायला सांगणं हेच जास्त धोक्याचं. चुकून फॉरमॅटवर क्लिक झालं तर?

जुना_मॉडेम

एकच डिस्क असती तर मीही हेच म्हटलं असतं. एका डिस्कवर दोन ईएसपी करू नयेत, विंडोजच्या सेटअपला ते रुचत नाही. तिथे एकच ईएसपी, दोघांनी मिळून. पण यांच्याकडे दोन डिस्क आहेत. दोन डिस्क असूनही लिनक्सचा जीव विंडोजच्या डिस्कवर ठेवायचा, तर दुसरी डिस्क घेऊन फक्त जागा वाढली, स्वातंत्र्य नाही मिळालं.

फ्लॅगची भीती वाटत असेल तर दोन पर्याय. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये एखादी डिस्क बंद करून ठेवता येते. तेही नसेल तर मागचं झाकण उघडून एनव्हीएमईचा एकुलता एक स्क्रू काढा, डिस्क बाहेर, इन्स्टॉल उरका, परत लावा. मग इन्स्टॉलरला चुकायला वावच उरत नाही. मेनूत विंडोज दिसायला नंतर 'सुडो अपडेट-ग्रब' द्यावं लागेल एवढंच. काही फर्मवेअर गैरहजर डिस्कची नोंद पुसून टाकतात, पण डिस्क लावली की विंडोज बूट मॅनेजर बहुतेक वेळा आपलं आपण परत येतं.

रात्रपाळी

स्क्रूवाला उपाय मान्य. आणि १०० एमबीचा मुद्दा तुम्ही सोडलात, तो मीच तुमच्या बाजूने मांडतो. ग्रब वापरत असाल तर ईएसपीत फक्त काही एमबी जातात, कर्नल बूट फोल्डरात राहतं. पण ज्यांना सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूटलोडर वापरायचाय, उदाहरणार्थ पॉप ओएसवाले, त्यांचं कर्नल आणि इनिटरॅमएफएस (कर्नलसोबत सुरुवातीला लोड होणारी फाइल) थेट ईएसपीतच बसतं. विंडोजने केलेलं १०० एमबीचं ईएसपी त्यात भरून जातं आणि पुढच्या कर्नल अपडेटला 'जागा नाही' असा एरर. फेडोरा स्वतः करतं तेव्हा ६०० एमबीचं करतं, ते उगाच नाही.

सांगलीची_हळद

+१. वाचनखूण साठवली.

माझं आधीच होऊन बसलंय. दोन डिस्क, आणि लिनक्सचा बूटलोडर विंडोजच्या ईएसपीत. चालतंय व्यवस्थित. आता सगळं पुसून परत टाकायचं का?

जुना_मॉडेम

अजिबात नको. आधी खात्री करा: टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' द्या आणि 'बूट/ईएफआय' कोणत्या पार्टिशनसमोर लिहिलंय ते बघा. विंडोजच्या डिस्कवर असेल तर स्थलांतर करू. (इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका.)

लिनक्सच्या डिस्कवर ५०० एमबी मोकळे करा. हे लाइव्ह पेनड्राइव्हवरूनच, कारण चालू रूट पार्टिशन लहान करता येत नाही. शक्यतो शेवटाकडून कापा. ईएसपी सुरुवातीलाच असायला हवं असं काही नाही, आणि पार्टिशनची सुरुवात सरकवायला गेलात तर सगळा डेटा हलवला जातो, तासन्‌तास लागतात. त्या जागेत फॅट३२, फ्लॅग ईएसपी. मग आपल्या नेहमीच्या लिनक्समध्ये येऊन 'सुडो बीएलकेआयडी'ने नव्या पार्टिशनचा यूयूआयडी काढा. फॅटचा यूयूआयडी छोटा असतो, चार-चार अक्षरांच्या दोन जोड्या, मध्ये रेघ. इटीसीमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये बूट/ईएफआयच्या ओळीत जुन्याच्या जागी हा घाला. मग जुनं अनमाउंट, नवं माउंट, 'सुडो ग्रब-इन्स्टॉल', 'सुडो अपडेट-ग्रब'. यूईएफआयमध्ये ग्रब-इन्स्टॉलपुढे डिस्कचं नाव लागत नाही, बूट/ईएफआयवर जे माउंट केलंय तिथेच फाइल जाते.

शेवटी 'ईएफआयबूटएमजीआर -व्ही'. उबुंटूच्या नोंदीसमोर 'एचडी' आणि कंसात पार्टिशन क्रमांक, जीपीटी आणि लांबलचक जीयूआयडी येतो. तो नव्या पार्टिशनच्या पार्टयूयूआयडीशी जुळला की जिंकलात. दोन-चार वेळा नीट बूट होऊ द्या आणि मगच विंडोजच्या ईएसपीतलं 'उबुंटू' फोल्डर काढा. 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'बूट' या फोल्डरांकडे ढुंकूनही बघू नका.

निमशहरी

आमच्याकडे कोअर टू ड्युओवाला डबा आहे, विंडोज ७, यूईएफआय वगैरे नाही. पट्टीत एसडीए, एसडीए१, एसडीए२, एसडीए५ असं येतं. वरचं सगळं आम्हाला लागू नाही ना?

जुना_मॉडेम

नाही, तुमच्याकडे ती पट्टी खरी बोलते. जे निवडाल तिथेच लिहिलं जाईल, म्हणून तुमच्याकडे जास्त जपून.

डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे एमबीआर, ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट बूट कोडला, ६४ बाइट पार्टिशन टेबलला (१६ बाइटच्या चार नोंदी, म्हणून चारच प्रायमरी पार्टिशनं) आणि शेवटचे २ बाइट सहीचे. ४४६ बाइटमध्ये ग्रब मावणं शक्यच नाही, म्हणून तो आपला मोठा तुकडा एमबीआर आणि पहिल्या पार्टिशनच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवतो. जुन्या पद्धतीने, ६३व्या सेक्टरपासून पार्टिशन सुरू होत असेल तर ही जागा साधारण ३१ केबीच. विंडोज व्हिस्टापासून पुढे पार्टिशन २०४८व्या सेक्टरवर सुरू होतं, म्हणजे जवळपास १ एमबी, ऐसपैस.

एसडीए निवडलंत तर हे सगळं नीट बसतं. एसडीए५ (तुमचं लिनक्सचं रूट असेल) निवडलंत तर ईएक्सटी४ मध्ये ग्रबला अशी राखीव जागा मिळत नाही. तो ब्लॉकलिस्टवर विसंबतो, म्हणजे आपली फाइल डिस्कच्या अमुक ब्लॉकांवर आहे एवढं लिहून ठेवतो. फाइल हलली की संपलं. ग्रब स्वतःच बजावतो की हे भरवशाचं नाही. तो मार्ग कामाचा तेव्हाच, जेव्हा पहिला ताबा विंडोजच्या बूटलोडरकडेच ठेवून त्याच्या मेनूतून लिनक्सकडे जायचं असतं.

आणि एसडीए१ किंवा एसडीए२, जिथे एनटीएफएस आहे, तिथे ग्रब कधीही टाकू नका. विंडोजचा स्वतःचा बूट सेक्टर तिथे असतो, त्यावरच लिहिलं जाईल. एनटीएफएस त्याची एक प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवतं आणि टेस्टडिस्कने ती परत आणता येते, पण ती वेळच कशाला आणायची.

निमशहरी

म्हणजे एसडीए. आणि उद्या लिनक्स काढलं तर?

जुना_मॉडेम

विंडोज ७ ची डीव्हीडी घालून रिपेअरमध्ये जा, कमांड प्रॉम्प्ट, 'बूटरेक', जागा, तिरकी रेघ, 'फिक्सएमबीआर'. लिनक्सचं पार्टिशन उडवायच्या आधी हे करा, नंतर नाही.

कडीपत्ता_न्यूजर्सी

बिटलॉकरबद्दल (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) कोणीच बोललं नाही अजून, आश्चर्य आहे. तिरफळताई, विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन न विचारता चालू असतं. २४एच२ पासून तर मायक्रोसॉफ्ट अकाउंट घालून नव्याने इन्स्टॉल केलं की ते होतंच. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला बूटलोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय) चालू-बंद केलं किंवा बूटचा मार्ग बदलला की टीपीएम या सुरक्षा चिपला संशय येतो आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. काही करण्यापूर्वी ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपमधल्या नोटपॅडात नव्हे! मग बिटलॉकर सस्पेंड करून कामाला लागा. आणि विंडोजमध्ये जाताना शक्यतो ग्रबमधून न जाता एफ१२ च्या बूट मेनूतून थेट जा, म्हणजे टीपीएमला मधे कोणी उपरा दिसत नाही.

तिरफळ

अरे देवा. बघितलं, एन्क्रिप्शन खरंच चालू आहे. की वहीत लिहून घेतली, दोनदा ताडून पाहिली.

बरं, वेगळं ईएसपी केलं की विंडोजच्या अपडेटपासून मिंट सुरक्षित, असं समजू का?

रात्रपाळी

बऱ्याच अंशी. पूर्ण नाही. ऑगस्ट २०२४ आठवा. १३ तारखेच्या विंडोज अपडेटने एसबॅटची (कोणते जुने बूटलोडर बाद ते सांगणारी) यादी नवी केली. ग्रबमधली एक जुनी सुरक्षात्रुटी, सीव्हीई-२०२२-२६०१, तिच्यासाठी जुने ग्रब सिक्युअर बूटमधून बाद करायचे होते. ड्युअल बूट मशीनना ते लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं, पण अनेकांना झालं. लिनक्स निवडलं की 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड, सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' आणि मशीन बंद. ती यादी फर्मवेअरच्या एनव्हीरॅममध्ये असते, कोणत्याही ईएसपीत नाही. म्हणजे दुसऱ्या डिस्कवर स्वतंत्र ईएसपी असलेल्यांचंही तेच झालं. उपाय होता: सिक्युअर बूट बंद, लिनक्समध्ये जाऊन 'मोकयूटिल'ने एसबॅट पॉलिसी डिलीट, रीबूट, सिक्युअर बूट परत चालू. मायक्रोसॉफ्टने ते निस्तरलं मे २०२५ च्या अपडेटमध्ये.

तेव्हा काका म्हणतात ते स्वातंत्र्य फायलींपुरतं. मदरबोर्ड एकच आहे.

जुना_मॉडेम

हे मात्र शंभर टक्के मान्य. मोठ्या विंडोज अपडेटनंतर विंडोज बूट मॅनेजर यादीत परत पहिलं येऊन बसणं, हाही त्यातलाच प्रकार. पण तेव्हा मिंट 'उडालं' म्हणून रडू नये, फाइल जागेवरच असते, क्रम तेवढा बदललेला असतो.

कडीपत्ता_न्यूजर्सी

अवांतर: मिंट टाकल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. आमच्याकडे तेच पुढे पळतं, हिवाळ्यात पाच तास, उन्हाळ्यात चार. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की भांडण मिटतं.

तिरफळ

झालं! फ्लॅगवाला मार्गच घेतला, झाकण उघडायचं धाडस नव्हतं. बिटलॉकर सस्पेंड केलं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं, फ्लॅग काढले, इन्स्टॉल, फ्लॅग परत लावले. एलएसबीएलकेमध्ये बूट/ईएफआय एसडीए१ समोर दिसतंय. एनव्हीएमईचं ईएसपी उघडून पाहिलं तर फक्त 'बूट' आणि 'मायक्रोसॉफ्ट', उबुंटूचा मागमूस नाही. रिकव्हरी की मागितली नाही.

एकच गोष्ट. चालू केल्यावर ग्रबचा मेनू येतो आणि दहा सेकंदांत मिंट उघडतं. नवऱ्याला थेट विंडोज हवंय, मेनूबिनू नको. मला एफ१२ दाबायला काहीच हरकत नाही. बूटलोडरची जागा बदलावी लागेल का?

जुना_मॉडेम

जागेला हात लावायचा नाही. हा फक्त नंबराचा प्रश्न. मिंटमध्ये 'ईएफआयबूटएमजीआर' नुसतं द्या, वर 'बूटऑर्डर'ची ओळ येईल. विंडोज बूट मॅनेजरचा चार अंकी क्रमांक बघा, मग 'सुडो ईएफआयबूटएमजीआर -ओ', आणि पुढे आधी तो क्रमांक, स्वल्पविराम, मग उबुंटूचा. यादीत आणखी काही असेल तर तेही मागे जोडा, नाहीतर क्रमातून गळेल.

तिरफळ

दिलं. सरळ विंडोज उघडतंय, एफ१२ दाबलं की यादीत उबुंटू दिसतं आणि त्यातून मिंट. नवऱ्याला लॅपटॉपमध्ये काही बदललंय हे अजून कळलेलं नाही.

सांगलीची_हळद

माझंही स्थलांतर झालं, जीयूआयडी जुळला. जुनं फोल्डर अजून काढलेलं नाही, रविवारी काढते.